मांगूरचा संकर नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो का?

बंदी असलेल्या मांगूरची तळी नष्ट केल्याची बातमी राज्यात अधूनमधून येतेच. कधी उजनीच्या परिसरातून, कधी ठाणे-रायगडातून. जेसीबी येतो, खड्डा खणला जातो, मासे पुरले जातात आणि काही महिन्यांनी तीच बातमी दुसऱ्या तालुक्यातून येते. बंदी काही नवी नाही. केंद्राने ती २००० मध्येच घातली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये असलेले साठे नष्ट करायला सांगितले. पण बंदी परदेशी मांगूरवर आहे, देशी मांगूरवर नाही. आणि या दोघांचा संकर होतो. खरी अडचण इथे सुरू होते.

बाजारात ज्याला ‘थाई मांगूर’ म्हणतात तो मूळचा आफ्रिकेचा. थायलंड, मग बांगलादेश असा प्रवास करत तो चोरवाटेने भारतात आला. शुद्ध देशी आणि शुद्ध आफ्रिकी मासा शेजारी ठेवले, तर सरावलेल्या माणसाला फरक कळतो. डोक्यावरून बोट मागे फिरवले की कवटीचे हाड जिथे संपते, ती कड देशी माशात इंग्रजी ‘व्ही’सारखी असते, आफ्रिकी माशात ‘डब्ल्यू’सारखी. आफ्रिकी माशाचे डोके मोठे, चपटे, खरखरीत असते. तो उलटा केला तर डोक्याच्या खालच्या बाजूला बहुधा दोन काळसर पट्टे दिसतात.

संकरात ही कड ना धड ‘व्ही’ असते ना धड ‘डब्ल्यू’. तेवढ्यावरून पहिल्या पिढीचा संकर पुष्कळदा पकडता येतो. पण ही संकरित मादी पुन्हा देशी नराशी जुळली, तर पुढची पिल्ले देशीकडे झुकतात. आणखी एक-दोन पिढ्यांनंतर कवटी देशी दिसते, आत मात्र आफ्रिकी जनुके असतात.

अमेरिकेतल्या अभ्यासकांना हा पेच फार आधी पडला होता. तिथल्या तळ्यांत सनफिश नावाचे गोड्या पाण्यातले मासे असतात. त्यातल्या ‘ब्लूगिल’चे तोंड लहान, तर ‘ग्रीन सनफिश’चे मोठे, संकराचे मधले. कार्ल आणि लॉरा हब्ज या दांपत्याने १९३० च्या दशकात असे संकर अभ्यासले. ते जोमाने वाढतात, त्यांत नरच जास्त असतात आणि ते वांझ असावेत, असे त्यांना वाटले. पण विल्यम चिल्डर्स यांनी इलिनॉयच्या तळ्यांत केलेल्या प्रयोगांतून १९६७ मध्ये दाखवले, की यातल्या अनेक संकरांना व्यवस्थित पिल्ले होतात. म्हणजे तोंडाच्या मापावर भरवसा ठेवायचा तो पहिल्या पिढीपुरताच.

मग डीएनए तपासावा, असे वाटेल. त्यातही एक फसगत आहे. प्रजाती ओळखण्याची प्रचलित ‘बारकोड’ चाचणी मायटोकॉन्ड्रियातला डीएनए पाहते आणि तो फक्त आईकडून येतो. आई देशी आणि बाप आफ्रिकी असेल, तर अहवालात मासा ‘देशी’ ठरतो. थायलंडमध्ये व्यापारी संकर नेमका असाच करतात, मादी तिथली आणि नर आफ्रिकी. पुढे तिथल्या नैसर्गिक पाण्यातल्या स्थानिक माशांतही आफ्रिकी जनुके सापडली. आपला देशी मांगूर बिहारचा राज्यमासा आहे आणि जागतिक यादीत धोक्यात आलेल्या प्रजातींत आहे. त्यामुळे पेशीकेंद्रातल्या डीएनएची तपासणी हवी. ती खड्ड्यात पुरायच्या माशांवर करून उपयोग नाही. बीज जिथे तयार होते, तिथल्या नर-मादींवर व्हायला हवी.

राहिला आरोग्याचा प्रश्न. ‘हा मासा खाल्ला की कॅन्सर होतो’ हा संदेश मोबाइलवर फिरत असतो. संकरामुळे मांस विषारी होत नाही. काळजी आहे ती मासा कुठे वाढला याची. मांगूरला गिलांखेरीज हवेत श्वास घेणारा झाडाच्या फांद्यांसारखा अवयव असतो, म्हणून इतर मासे मरतील अशा सांडपाण्यातही तो जगतो. कत्तलखान्याचा कचरा हे त्याचे स्वस्त खाद्य. अशा पाण्यातले शिसे, कॅडमियम शरीरात साठतात, मांसापेक्षा यकृत आणि मूत्रपिंडात अधिक. नीट शिजवल्याने जंतू मरतात. धातू जात नाहीत. डोके आणि आतडी-काळीज टाकून देणे शहाणपणाचे.

देशी मांगूर वर्षभरात जेमतेम दीड-दोनशे ग्रॅम भरतो. आफ्रिकी मासा सहा-आठ महिन्यांत किलोच्या घरात जातो. आजारातून उठलेल्या माणसासाठी म्हणून कोणी किलोभराचा ‘देशी’ मांगूर चढ्या भावाने देत असेल, तर कवटीवरून बोट फिरवायचीही गरज नाही.