आरोग्य आणि आपण : मेंदूच्या नाक्यापुढचे औषध

‘आजार मेंदूत गेला’ हे शब्द कानावर पडले की घरातली माणसे हातपाय गाळून बसतात. मग प्रश्न येतो, ‘इतकी इंजेक्शने दिली, सलाईन लावले, तरी मेंदूतला आजार का हटत नाही?’ हा प्रश्न सडक अर्जुनीच्या आठवडी बाजारात ऐकू येतो, तसा नागपूरच्या मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यातही ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र नशिबात किंवा कोणाच्या करणीत शोधायचे नसून शरीराच्या रचनेत शोधायचे आहे.

१८८५ साली पॉल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिला. सगळे अवयव रंगले, मेंदू तेवढा कोरा राहिला. पुढे १९१३ साली त्यांचे शिष्य गोल्डमन यांनी उलटा प्रयोग केला. मेंदूभोवतीच्या पाण्यात रंग सोडला, तेव्हा मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी आडवे उभे आहे, हे सिद्ध झाले.

हे आडवे उभे असलेले काय? मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती. शरीरात इतरत्र या भिंतींच्या पेशींमध्ये फटी असतात. मेंदूत त्या पेशी एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या चिकटलेल्या असतात. जंगलाच्या रस्त्यावर वनखात्याचा नाका असतो, तसा हा निसर्गाचा नाका समजा. प्राणवायूला मोकळी वाट, साखरेला ठरलेले दार, आणि अनोळखी पदार्थाला मज्जाव. रक्तात आलेले विष मेंदूपर्यंत जाऊ नये म्हणून ही सोय आहे. पण विष आणि औषध यांतला फरक या नाक्याला कळत नाही. त्यामुळे पुष्कळशी औषधे बाहेरच अडून राहतात.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेला एक उपाय म्हणजे औषधाला अतिसूक्ष्म कणांत बसवून पाठवणे. यांना नॅनोकण म्हणतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. ज्या कणांविषयी आज सांगायचे आहे, ते शंभर नॅनोमीटरच्या आतबाहेरचे आहेत. रक्तातली एक तांबडी पेशी त्यांच्यापेक्षा सुमारे सत्तरपट मोठी असते. हे कण स्निग्ध पदार्थाचे असतात. सोयाबीनमधून किंवा अंड्याच्या बलकातून मिळणारा लेसिथिन पाण्यात घोळला की त्याचे आपोआप सूक्ष्म फुगे बनतात, आणि त्या फुग्याच्या आत किंवा भिंतीत औषध बसवता येते. इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात हे फुगे ओळखले. त्यांना लायपोसोम असे नाव आहे.

हे सारे परदेशातले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. तर २०२१ चा उन्हाळा आठवा. कोरोनाची दुसरी लाट ओसरते न ओसरते तोच ‘काळी बुरशी’ म्हणजे म्युकरमायकोसिस आला. विदर्भातही कित्येकांचा डोळा गेला, कित्येकांचा जबडा काढावा लागला. या बुरशीचे कण हवेत आणि मातीत सगळीकडे असतात. धडधाकट माणसाला ते काही करीत नाहीत. पण रक्तातली साखर खूप वाढलेली, त्यात स्टेरॉइड औषधे चाललेली, अशा शरीरात ती नाकात रुजते. तेथून गालाच्या पोकळीत, डोळ्याच्या खोबणीत आणि शेवटी मेंदूत शिरते.

तिच्यावरचे मुख्य औषध अ‍ॅम्फोटेरिसिन बी. ते नवे नाही, १९५०च्या दशकापासून माहीत आहे. साधे अ‍ॅम्फोटेरिसिन स्वस्त आहे, परंतु त्याने थंडी भरून ताप येतो आणि मूत्रपिंडाला मोठी इजा होते. त्यामुळे पुरेसा डोस देता येत नाही. तेच औषध लायपोसोममध्ये बसवले की मूत्रपिंडाला होणारा त्रास बराच कमी होतो आणि मोठा डोस देता येतो. सशांच्या मेंदूतील बुरशीवर केलेल्या एका प्रयोगात, या औषधाच्या चार प्रकारांपैकी लायपोसोमचा प्रकार मेंदूत सर्वांत जास्त पोहोचल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले.

मेंदूच्या आजारात माणसांवर त्याचा उपयोग किती होतो, याचा मोठा पुरावा २०२२ साली आफ्रिकेतून आला. एड्सच्या रोग्यांना मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा क्रिप्टोकॉकस बुरशीचा आजार होतो. बोट्स्वाना, मलावी, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे या देशांत लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनचा एकच मोठा डोस, सोबत गोळ्या, असे उपचार केले. आठवडाभर रोज सुई टोचण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा तो उपचार कमी पडला नाही आणि त्रासही कमी झाला. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी तो स्वीकारला.

आपल्या राज्याचाही यात वाटा आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्लीच्या डॉ. बछावत यांच्या सहकार्याने लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनवर काम केले आणि त्यातून भारतीय बनावटीचे औषध रोग्यांपर्यंत आले. महागडे आयात औषध आपल्या गरिबाला परवडणार नाही, हे सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्याला लवकर कळते.

हा पैशाचा हिशेबही पाहू. म्युकरमध्ये दर किलो वजनाला रोज ५ मिलिग्रॅम हा नेहमीचा डोस, मेंदूत गेल्यास त्याहून जास्त. साठ किलोच्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या. २०२१च्या मे महिन्यात एक इंजेक्शन सुमारे ७ हजार रुपयांना मिळत होते. म्हणजे दिवसाचे ४२ हजार, आणि उपचार चालतो कित्येक आठवडे. दोन एकर धानाच्या बांधीवर जगणाऱ्या घराने हे कोठून आणावे? त्याच महिन्याच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कारखान्याने अ‍ॅम्फोटेरिसिनचे इमल्शन इंजेक्शन काढले, त्याची किंमत १२०० रुपये सांगण्यात आली. इमल्शन म्हणजे स्निग्ध थेंबांत मिसळलेले औषध. ते लायपोसोम नव्हे. नाव एकच असले तरी साधे, इमल्शन आणि लायपोसोमल यांचे डोस वेगळे असू शकतात. कुपी बदलली तर डॉक्टरांना अवश्य विचारा. राज्य शासनानेही त्या वेळी या आजाराचा उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत घेतला.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. नॅनोकण म्हणजे जादू नव्हे. ही बुरशी रक्तवाहिन्यांतच वाढून त्या बंद करते. जेथे रक्तच जात नाही तेथे रक्तातून दिलेले औषध, कितीही सूक्ष्म असो, जाणार कसे? म्हणून सडलेला भाग शस्त्रक्रियेने काढावाच लागतो, साखर ताब्यात आणावीच लागते. आणि आजार मेंदूत शिरण्याआधी ओळखणे हे सर्वांत मोठे औषध. ते काम घरातल्या माणसांचे आहे.

तेव्हा माता-भगिनींनो, घरात साखरेचा रोगी असेल तर पुढील खुणा लक्षात ठेवा. चेहऱ्याच्या एका बाजूला सूज, दुखणे किंवा बधिरपणा. नाक चोंदून काळपट स्राव. वरचे दात अचानक हलू लागणे. पापणी पडणे, एकाचे दोन दिसणे. यातले काहीही दिसले तर झाडपाल्यात वा बाहेरच्या बाधेच्या शोधात एकही दिवस घालवू नका. तडक ग्रामीण रुग्णालय गाठा आणि पुढे गोंदियाला वा नागपूरला जायची चिठ्ठी मागा. हा आजार एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही, म्हणून रोग्याला वेगळे टाकू नका. निघताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत घ्या. योजनेतल्या दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ बसतो. पैसे भरण्याआधी त्याला भेटा.

आणि कोणाच्याही सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने घेऊ नका. साखर महिन्यातून एकदा तरी तपासून वहीत तारखेसह लिहून ठेवा. ती वही दवाखान्यात डॉक्टरांना फार उपयोगी पडते.