व्यासपीठावर कोण, बंद दाराआड कोण?



लोकशाही, सुरक्षा आणि ऊर्जा. आंतरराष्ट्रीय धोरण परिषदांच्या कार्यक्रमपत्रिकेत हे तीन शब्द हल्ली हमखास शेजारी शेजारी दिसतात. जर्मनीतल्या म्युनिक शहरात १९६३ पासून सुरक्षा परिषद भरते. दिल्लीत २०१६ पासून परराष्ट्र मंत्रालयाच्या सहभागाने ‘रायसीना संवाद’ होतो. मंत्री, सेनाधिकारी, कंपन्यांचे प्रमुख, अभ्यासक तिथे जमतात. तिथे कोण बोलतं याच्याशी आपल्याला काय देणंघेणं, असं वाटू शकतं. पण तिथल्या चर्चांमधून जी धोरणं आकार घेतात, त्यांची किंमत शेवटी गॅसच्या टाकीत, विजेच्या बिलात आणि घरखर्चात बाईच मोजते. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

फेब्रुवारी २०२२ ची म्युनिक परिषद आठवा. ती संपली आणि चारच दिवसांत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. या परिषदेत अमेरिकेच्या तेव्हाच्या उपाध्यक्ष कमला हॅरिस, युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन, जर्मनीच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री आनालेना बेअरबॉक बोलल्या. वक्त्यांची यादी पाहून समाधान वाटावं! पण त्याच परिषदेतला एक फोटो जगभर गाजला. कंपनीप्रमुखांच्या भोजनाचा. लांबलचक टेबल, भोवती सुटाबुटातले पुरुष, आणि एकही स्त्री नाही. व्यासपीठावर भाषणं होतात. ओळखी वाढतात आणि शब्द दिले-घेतले जातात ते अशा टेबलांवर. म्हणजे स्त्रियांना माईक मिळाला, पंगतीत पान मात्र मांडलं गेलं नाही.

हा एखादाच प्रसंग म्हणून सोडून देता येणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये अझरबैजानने बाकू इथे होणाऱ्या हवामान परिषदेसाठी आयोजन समिती जाहीर केली. सभासद २८, सगळे पुरुष! जगभरातून टीकेची झोड उठली आणि काही दिवसांतच १२ स्त्रियांची नावं समितीत आली. ‘लायक बायकाच मिळत नाहीत’ ही सबब किती पोकळ आहे, हे यातून आपसूक सिद्ध झालं.

पण नुसती डोकी मोजून आपलं भागणार नाही. सत्तेच्या खुर्चीतली स्त्रीसुद्धा बहुतेकदा राज्यसंस्थेचीच भाषा बोलते. त्या भाषेत सुरक्षा म्हणजे सीमा आणि शस्त्रं, ऊर्जा म्हणजे तेल आणि वायूवाहिन्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या इंधनाच्या धुरामुळे सुमारे ३२ लाख माणसं दगावली. हा धूर सर्वांत जास्त बायका-मुलांच्या छातीत जातो. मग चूल हा सुरक्षेचा प्रश्न नाही? सरपणासाठीची पायपीट हा ऊर्जेचा प्रश्न नाही?

आणि लोकशाहीचं काय? ऊर्जेच्या नावाखाली ‘सुरक्षा’ कशी राबवली जाते, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. जून १९९७ मध्ये, एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाला विरोध होत असताना, गुहागर तालुक्यातल्या वेलदूर गावात पहाटे पोलीस शिरले. मच्छीमार बायकांना घराबाहेर ओढून मारहाण आणि अटक केली गेली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ह्यूमन राइट्स वॉच या संघटनांच्या अहवालांत त्याची नोंद आहे. ऊर्जा धोरणावर या बायकांनाही बोलायचं होतं. त्यांच्या बोलण्याला उत्तर मिळालं ते लाठीचं.

यादीत नाव नसतानाही बायका बोलल्या आहेत. २००३ साली घानातल्या अक्रा इथे लायबेरियाची शांतता बोलणी रखडली होती. लेमा बोवी यांच्यासह लायबेरियाच्या बायका सभागृहाच्या दारात ठाण मांडून बसल्या. तोडगा निघेपर्यंत पुरुषांना बाहेर सोडणार नाही, म्हणाल्या! त्या ऑगस्टमध्ये करार झाला. शांतता प्रक्रियेत स्त्रियांचा सहभाग हवा, असा १३२५ क्रमांकाचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने २००० सालीच केला होता. तरीही त्यांना दाराशीच बसावं लागलं.

म्युनिकला आपण जाणार नाही. पण आपल्या हाताशी असलेली दारं तरी आपण ठोठावतो का? वीजदर ठरवताना राज्य वीज नियामक आयोग हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीआधी जनसुनावणी होते. तिथे कुणीही बोलू शकतं आणि बोललेलं नोंदवलं जातं. आपल्या गटाने निदान एक लेखी हरकत द्यावी, दोघीतिघींनी उभं राहून बोलावं. सुनावणीची वेळ घरकामाच्या आणि मजुरीच्या वेळेशी जुळते का, नोटीस बायकांपर्यंत पोचते का, हेही विचारावं. आणि कुठल्याही परिषदेची यादी हाती आली की तीन प्रश्न जरूर करावेत: व्यासपीठावर कोण? बंद दाराआड कोण? विषय कुणी ठरवले?

तुमच्या भागातल्या सुनावणीत किती जणी बोलल्या, काय बोलल्या, आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात ते छापू.