देव खेळात आले म्हणून रागावू नका

मोबाईल आणि संगणकावरच्या खेळांत देव-दैत्य आले, ही देवाची विटंबना आहे, असे हल्ली आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात. पुण्यात तयार झालेला 'राजी' हा खेळ २०२० साली आला. दैत्यांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत एक मुलगी दुर्गेच्या कृपेने लढत जाते, अशी त्याची कथा. अशा खेळांवर 'देवाचे खेळणे केले' म्हणून कोणी तुटून पडत असेल, तर सिंधुदुर्गातल्या वारकऱ्याने तरी त्याला टाळ धरू नये. आपल्या मुलखात देव खेळातच वाढला आहे.

जत्रेच्या रात्रीचा दशावतार आठवा. एक बाकडे, पखवाज आणि पेटी, एवढ्यावर विष्णू अवतरतो. वेद पळवणारा संकासुर मालवणीत टवाळी करतो आणि पोरे त्याचीच वाट बघत जागी राहतात. सावंतवाडीची गंजिफा घ्या. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, असे १२० गोल पत्ते. दिवसा डाव रामापासून सुरू होतो, रात्री कृष्णापासून. निम्म्या अवतारांत तर दहाच्या पत्त्यापेक्षा एकाचा पत्ता थोर! लहानपण मागणाऱ्या तुकोबांच्या भक्तांना हा हिशेब नवा नाही. मोक्षपटाचे नाते परंपरेने थेट ज्ञानदेवांशी जोडले आहे. त्या पटावर साप म्हणजे काम-क्रोधादी आपलेच विकार. गिळणारा वैरी आत बसलेला आहे, हे मूल फासे टाकता टाकता शिकत असे.

म्हणून खेळात देव आहे की नाही, हे विचारून काही हाती लागत नाही. त्या खेळात वैरी कोण ठरवला आहे, आणि माणसाची किंमत कशावरून ठरते, हे विचारा.

'स्कायरिम' हा २०११ सालचा, जगभर खेळला गेलेला खेळ. त्यातले राज्य काल्पनिक आहे. आरंभीच दहा वंशांतला एक निवडायचा. काही गुण त्या जन्माबरोबरच पदरात पडतात. माणूस असून देवपदाला पोचलेल्या टॅलॉसची पूजा तिथे तह करून बंद केलेली आहे. मांजरासारख्या तोंडाच्या खजीत व्यापाऱ्यांच्या तांड्यांना तर शहरात प्रवेशच नाही. ते तटाबाहेर तंबू ठोकून बसतात. खेळणारा मुलगा तिथे थांबतो, माल घेतो आणि वेशीतून आत निघून जातो. त्या तांड्यांना आत नेण्याची कामगिरी मात्र खेळात कोणी सांगत नाही.

माउली, महाद्वाराबाहेरचे चोखोबा आठवले ना? परदेशात रचलेल्या खेळाने आपलेच दुखणे दाखवले. मी त्या खेळाला दोष देतो तो एवढ्यासाठीच, की तो अन्याय दाखवतो आणि मुलाला तिथून सहज पुढे जाऊ देतो. पण हा दोष आपल्याला तरी कुठे चुकला? चोखोबांचे अभंग आपण पिढ्यान्‌पिढ्या गायलो, डोळे पुसले आणि आत दर्शनाला गेलो. चोखोबांनंतर सहाशे वर्षे गेली, तरी विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण करावे लागले. मंदिर उघडायचे ठरले तेव्हा १० मे रोजी ते सुटले. तेव्हा विरोध करणारेही स्वतःला विठ्ठलाचे भक्तच म्हणवत होते. रूपक कळले, तरी दार आपोआप उघडत नाही.

तेव्हा नातवाच्या हातून मोबाईल हिसकावू नका. शेजारी बसा. तटाबाहेरचे तंबू दिसले की विचारा, "झिला, हे भायर कित्याक रवतत?" तो विचार करील आणि कदाचित उलट विचारील, की आपल्या गावच्या जत्रेत मान कोणाला आणि लांब उभे कोण? पंगतीत मागाहून कोण बसते? त्या वेळी 'मोबाईलने पोर बिघडले' म्हणून सुटका करून घेऊ नका. ज्या काल्यात सगळ्यांची शिदोरी एकत्र कालवतात, तो काला आपण खातो. त्याला उत्तर आपणच द्यायचे आहे, आणि ते पुढच्या जत्रेच्या आत दिले पाहिजे.