अस्सल, नक्कल आणि साउअरब्राटन

अमेरिकेतल्या जर्मन रेस्टॉरंटमध्ये जेवून बाहेर पडणाऱ्या मंडळींत एक तरी जण असा निघतो, ज्याने कधीकाळी म्युनिकला किंवा स्टुटगार्टला काही महिने काढलेले असतात. तो दारातच निकाल देऊन टाकतो, 'हे काही अस्सल जर्मन नव्हे.' मग बाकीचे गप्प बसतात. कारण 'मी तिथे राहून आलो आहे' या पुराव्यापुढे 'मला आवडले' हा पुरावा टिकत नाही. असा निकाल कधी बरोबर असतो, कधी चूक. माझी तक्रार वेगळी आहे. तो कोणत्या कसोटीवर दिला, हे कोणी कधी सांगत नाही.

'अस्सल' हा शब्द आपल्याकडे दप्तरात रुळलेला. अस्सल म्हणजे मूळ कागद आणि नक्कल म्हणजे त्याची प्रत. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हा प्रस्तावनेत अस्सल पत्रे एका बाजूला ठेवून त्यांनी बखरींची कडक झडती घेतली. इतिहाससंशोधकाला ती घ्यावीच लागते. पण ताटातल्या पदार्थाला आपण हाच शब्द लावतो, तेव्हा जर्मनीत कुठेतरी शिक्कामोर्तब झालेला एक मूळ कागद जपून ठेवला आहे, असे न बोलता गृहीत धरतो. तसा कागद आहे का?

साधे बटाट्याचे सॅलड घ्या. अमेरिकेत 'जर्मन पोटॅटो सॅलड' म्हटले की व्हिनेगर आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे घातलेला कोमट प्रकार समोर येतो. उत्तर जर्मनीतला माणूस तो पाहून गोंधळेल, कारण त्याच्या घरी हे सॅलड थंड असते आणि त्यात मेयोनेझ असते. दक्षिणेतला माणूस मात्र व्हिनेगर ओळखील. साउअरब्राटनचीही तीच गत. आंबट मुरवणात काही दिवस ठेवून शिजवलेल्या या मांसाच्या रश्श्यात अमेरिकेतले स्वयंपाकी जिंजरस्नॅप नावाची आल्याची बिस्किटे कुस्करून घालतात. ही अमेरिकी चहाटळकी आहे, असे जाणकार सांगतात. पण ऱ्हाईनच्या काठी याच रश्श्यात लेबकूखन हा मसालेदार केक कुस्करण्याची रीत आहे. हाती लेबकूखन नव्हते, जिंजरस्नॅप होते. कोण्या गृहिणीने ते घातले. याला भ्रष्ट पाठ म्हणायचे, की एकाच संहितेचा पाठभेद?

दुसरा प्रश्न काळाचा. जर्मन लोक अमेरिकेत लोंढ्याने येऊ लागले ते १८४० नंतर आणि १८४८ची क्रांती फसल्यावर. जर्मनी नावाचे एकसंध राष्ट्र जन्मले १८७१ साली. म्हणजे या पहिल्या पिढ्या जर्मनीतून आल्याच नव्हत्या; त्या आल्या हेसे, मेक्लेनबुर्ग, सॅक्सनी, पोमेरेनिया अशा मुलखांतून. विस्कॉन्सिन राज्यात पोमेरेनियन शेतकरी मोठ्या संख्येने स्थायिक झाले. १९४५ नंतर त्या पोमेरेनियाचा बराचसा भाग पोलंडमध्ये गेला आणि तिथल्या जर्मन वस्तीला बाहेर पडावे लागले. तेव्हा त्यांच्या एखाद्या पदार्थाची आजच्या म्युनिकमध्ये जाऊन पडताळणी करणारा माणूस भलत्याच दप्तरात कागद शोधतो आहे. आणि आजच्या जर्मनीचीच कसोटी लावायची, तर ती पुरती लावावी. १९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. त्या कामगारांबरोबर आलेला डोनर कबाब आज बर्लिनच्या रस्त्यारस्त्यावर विकला जातो. श्नित्सेलबद्दल काटेकोर असणारा पाहुणा 'डोनर का ठेवला नाहीत?' असे विचारल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

म्हणजे त्याला जर्मनी हवी असते ती चित्रातली. हे चित्र बहुधा बव्हेरियाचे असते : कातडी चड्डी, भरतकाम केलेला झगा, लाकडी सज्जे, काचेचे दांडगे मग. दुसऱ्या महायुद्धानंतर बव्हेरिया अमेरिकेच्या ताब्यातील विभागात होता. हजारो अमेरिकी सैनिकांनी जर्मनी म्हणून जे पाहिले ते हेच. मिशिगनमधले फ्रँकेनमुथ हे गाव १८४५ साली फ्रँकोनियातून आलेल्या ल्युथरपंथी कुटुंबांनी वसवले. फ्रँकोनिया बव्हेरिया राज्यात मोडत असला, तरी तिथला माणूस स्वतःला बव्हेरियन म्हणवून घेण्यापूर्वी चारदा विचार करील. तरीही गावाने पुढे बव्हेरियन वेश चढवला. आणि तिथल्या भोजनगृहांची ख्याती आहे ती मात्र तळलेल्या कोंबडीसाठी. वॉशिंग्टन राज्यातले लेव्हनवर्थ त्याहून पुढचे. लाकडाचा धंदा बसल्यावर या गावाने १९६०च्या दशकात पर्यटकांसाठी ठरवून बव्हेरियन रूप घेतले.

मात्र या वेशामागे केवळ धंदा आहे असे समजणे अन्यायाचे होईल. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि जर्मन असणे एकाएकी धोक्याचे झाले. साउअरक्राउटचे नाव 'लिबर्टी कॅबेज' असे बदलण्यात आले. एप्रिल १९१८ मध्ये इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिल येथे रॉबर्ट प्रेगर या जर्मन स्थलांतरिताला जमावाने फाशी दिली. १९१९ साली नेब्रास्काने लहान मुलांना परकी भाषा शिकवण्यावर बंदी घातली. रोख जर्मनवर होता. ती बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली रद्द केली. न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावर १८८२ पासून चालत आलेल्या ल्यूखोव्ज या प्रसिद्ध रेस्टॉरंटने त्या काळात आपल्या नावातल्या 'यू'वरची दोन टिंबे काढून टाकली. पुढे लोक त्याला चिनी खाणावळ समजू लागले, म्हणून नव्या मालकाने १९५०च्या दशकात टिंबे परत बसवली, असे सांगतात. ऐकायला गंमत वाटते. पण दोन टिंबे पुसावी लागण्यामागची भीती गमतीची नव्हती.

पाठोपाठ १९२० ते १९३३ दारूबंदी आली. बियर हा जर्मन सामाजिक जीवनाचा कणा होता. रविवारी सहकुटुंब बसण्याच्या बियरच्या बागा तिने मोडल्या. शिकागोचे बर्गहॉफ १८९८ साली सुरू झाले ते हेरमान बर्गहॉफची बियर विकण्यासाठी. सँडविच त्यासोबत फुकट मिळे. बंदीच्या वर्षांत ते रेस्टॉरंट म्हणून उभे राहिले. ज्या भोजनगृहाला आपण जर्मन परंपरेचा वारसा म्हणतो, त्याचे हे रूप एका अमेरिकी कायद्याने घडवले.

म्हणून मला वाटते की अशी भोजनगृहे अस्सल कागद म्हणून तपासूच नयेत. ती बखरी आहेत. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांची बखर लिहिली ती महाराजांच्या निधनानंतर, महाराष्ट्रापासून दूर जिंजीला, राजाराम महाराजांसाठी. घडून गेलेले, दूर राहिलेले आठवून ती सांगितली आहे. बखरीत तिथी चुकतात, आकडे फुगतात, पण सांगणाऱ्याला काय जपायचे होते ते तिच्यातून जितके कळते, तितके हिशेबाच्या कागदातून कळत नाही. साहित्याचे अभ्यासक म्हणून आपण बखरीला गद्याचा मान दिला तो यामुळेच. मिलवॉकीत १९०२ साली उघडलेल्या मेडर्सच्या जेवणात जर्मनी किती आहे, यापेक्षा भीती, मौन आणि बंदी यांतून पार पडलेल्या एका समाजाने त्या जेवणात काय राखले, हा प्रश्न मला मोलाचा वाटतो.

यावर कोणी म्हणेल की मग सगळेच माफ. गोठवलेले सॉसेज गरम करून वर निळापांढरा झेंडा लावला तरी बखरच. तसे नाही. बखर वेगळी आणि बनावट कागद वेगळा. जिथे काही आठवायचेच नाही, केवळ आठवल्याचा देखावा करायचा आहे, तिथे परीक्षकाने जरूर बोट ठेवावे. पण मग कसोटी अस्सलपणाची उरत नाही, प्रामाणिकपणाची होते. आणि ती लावायला म्युनिकचे तिकीट लागत नाही. रश्श्यात कोणी लक्ष घातले आहे की नाही, हे जिभेला कळते. उलट, या समाजाने अमेरिकेला खरोखर जे दिले, ते हॅम्बर्गर, फ्रँकफुर्टर, प्रेट्झेल, लागर बियर, त्याला आज कोणी जर्मन म्हणतही नाही. २००० सालच्या जनगणनेत सुमारे ४ कोटी २८ लाख अमेरिकनांनी आपले मूळ जर्मन असल्याचे नोंदवले. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी भाषा गेली, आडनावाचा उच्चार बदलला. उरले ते असे एखादे ताट.

तेही उरेलच असे नाही. मिलवॉकीतलेच १९०४ पासूनचे कार्ल राच हे रेस्टॉरंट २०१७ साली बंद झाले. 'तिथले साउअरब्राटन अस्सल नव्हते' असे म्हणणाऱ्याला दुःख करण्याचे कारण नाही. त्याला हवे ते साउअरब्राटन कोलोनला आजही मिळते. पण जिंजरस्नॅप कुस्करून घातलेला तो रस्सा ज्याला हवा आहे, त्याला कोलोनला जाऊन तो मिळणार नाही.