काखेत कळसा

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिणेकडील डोंगराळ प्रदेशात उतरले, तेव्हा आपण सर्वांनीच टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी सांगितले, की यान उतरले ती जागा म्हणजे सुमारे १६० किलोमीटर व्यासाचे एक पुरातन विवर आहे. नंतरच्या आघातांनी उडालेल्या मातीखाली ते जवळजवळ बुजून गेले आहे. तरी त्याचा माग लागला, कारण चंद्रावर पाऊस नाही, वारा नाही आणि माणूसही नाही.

असेच एक विवर आपल्याकडेही आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तळाशी खारे पाणी. पुष्कळ वर्षे ते ज्वालामुखीचे तोंड समजले जाई. आघातानेच काचेसारखे बनणारे खनिज तिथे सापडल्याचे १९७३ साली प्रसिद्ध झाले आणि तो समज मागे पडला. चंद्रावर जे काळे डाग आपल्याला दिसतात ते बसाल्टचे, आणि लोणारचा खडकही बसाल्टच. म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोणारला येतात.

आणि आपण? गावाचे सांडपाणी वर्षानुवर्षे त्या विवरात उतरत राहिले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा कुठे देशाने तिकडे वळून पाहिले. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. पण दर्जा मिळाल्याने गटारे आपोआप बंद होत नाहीत.

मला जुन्या लोकांचे कौतुक वाटते. त्यांना उल्का ठाऊक नव्हती, पण ही जागा साधी नाही हे कळले होते. म्हणून त्यांनी लवणासुराची कथा रचली, दैत्यसूदनाचे देऊळ बांधले. आपल्याला विज्ञान कळले आणि धाक तेवढा गेला.

गोव्यात खड्डे आपल्याला नवे नाहीत. डिचोली-सांग्याच्या खाणींनी पाडलेले खंदक आपण रोज बघतो. कदाचित म्हणूनच निसर्गाने एका क्षणात पाडलेल्या खड्ड्याचे मोल आपल्या लक्षात येत नसावे. शेगावला जाणाऱ्या आपल्या बसगाड्यांनी एक दिवस वाढवून लोणार गाठावे, कारण शेगावही त्याच जिल्ह्यात आहे. काठावर उभे राहून खाली बघावे, आणि येताना आपला कचरा तेवढा परत आणावा.