पुरावा विचारणारी ग्रामसभा

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा गावात 1 मे 2024 रोजी एका बाईला आणि एका पुरुषाला जादूटोण्याच्या संशयावरून मारझोड करून जाळलं गेलं. पोलिसांनी 15 जणांना अटक केली. जादूटोणाविरोधी कायदा 2013पासून आहे, पण असा कायदा बहुतेकदा माणूस गेल्यावरच गावात पोहोचतो. त्याच्या आधी पोहोचायला हवा एक साधा प्रश्न : कुणी तापाने गेलं आणि जादूटोण्याचा संशय घेतला गेला, तर गेलेल्याचं रक्त तपासलं होतं का? या जंगलपट्ट्यात हिवताप नवा नाही. आशाताई बोटाला सुई टोचते, थेंबभर रक्त पट्टीवर घेते आणि पंधरा-वीस मिनिटांत निकालाची रेघ दिसते. ती रेघ घरच्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या, तिचा अर्थ माडिया भाषेत समजावून सांगा; चिकित्सक विचाराचा पहिला धडा तिथेच होतो. असा विचार शिकल्या-सवरल्यांनाच जमतो, हे साफ खोटं आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखात गावातलेच देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावकऱ्यांनी अभ्यासगट चालवला : आधी माहिती, शंका, वाद, मग ग्रामसभा आणि सर्वसहमतीने निर्णय. 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या या गावाने कायद्याची कलमंही अशीच एकत्र बसून समजून घेतली. एटापल्लीतही ग्रामसभा आहेत. कुणावर बोट रोखलं जाण्याआधी ‘कुणी पाहिलं? कधी पाहिलं? दवाखान्यात केव्हा नेलं होतं?’ हे भर सभेत विचारायचा पायंडा तिथे पाडायला हवा, आणि तोही पावसाळ्याआधी, तापाची साथ सुरू व्हायच्या आत.