दुसऱ्या फळीचा प्रश्न

हांगचौच्या आशियाई क्रीडा सामन्यांत २०२३ च्या सप्टेंबरात भारताच्या पुरुष व्हॉलीबॉल संघाने दक्षिण कोरियाला पाच सेटच्या झुंजीत नमवले, पाठोपाठ चिनी तैपेईवर मात केली, आणि १९८६ नंतर प्रथमच पदक दृष्टिपथात आले असे पुष्कळांना वाटू लागले. उपान्त्यपूर्व फेरीत जपानने सरळ तीन सेटमध्ये ही आशा मोडून काढली. त्यानंतर पाकिस्तानकडूनही हार पत्करून आपण सहावे राहिलो. जपानसारख्या संघाकडून हरण्यात कमीपणा नाही. परंतु ज्या जपानी संघाने आपल्याला हरवले, तो त्या देशाचा पहिला संघ नव्हताच! इशिकावा, निशिदा, ताकाहाशी ही मंडळी हांगचौला आलीच नव्हती. महिनाअखेरीस तोक्योत सुरू होणाऱ्या ऑलिंपिक पात्रता-सामन्यांसाठी त्यांना राखून ठेवले होते. दुसऱ्या फळीने हांगचौत ब्राँझपदक मिळवले, पहिल्या फळीने ऑक्टोबरात पॅरिसचे स्थान निश्चित केले.

विश्रांती ही खेळाडूवर केलेली मेहेरबानी नव्हे. इटली-पोलंडमधील क्लबांचा मोसम शरदात सुरू होऊन वसंतापर्यंत चालतो. तो संपतो न संपतो तोच २०१८ पासून सुरू झालेली नेशन्स लीग उभी राहते, तीत प्राथमिक फेरीचेच बारा सामने, तेही तीन निरनिराळ्या शहरांत. मग खंडीय स्पर्धा, आणि २०२५ पासून दर दोन वर्षांनी जागतिक अजिंक्यपद. ज्या खेळात गुडघा आणि खांदा हीच भांडवली मालमत्ता, तेथे सर्व सामने सर्वांनी खेळावेत हा आग्रह दिवाळखोरीकडे नेणाराच ठरतो. सर्बियाच्या महिला संघाने २०२१ मध्ये नेशन्स लीगला दुय्यम संघ पाठवला, खालचा क्रमांक निमूटपणे सोसला, आणि तोक्यो ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक घेतले. जागतिक क्रमवारीत आता प्रत्येक सामन्याचे गुण धरले जातात, त्यामुळे ही चैन फुकट मिळत नाही, हेही खरे.

परंतु पहिल्या फळीला विश्रांती देण्यासाठी दुसरी फळी मुळात असावी लागते, आणि ती त्याच पद्धतीत वाढलेली असावी लागते. फिलिप ब्लाँ हे फ्रेंच प्रशिक्षक २०१७ मध्ये जपानच्या संघाशी जोडले गेले आणि तोक्योनंतर प्रमुख झाले. पॅरिसपर्यंत एकच विचार चालू राहिला. याविरुद्ध इटलीच्या महिलांचा दाखला कोणी देईल. वेलास्को २०२४ मध्ये आले आणि त्याच वर्षी ऑलिंपिक सुवर्णपदक लाभले! पण एगोनू, दानेझी, सिल्ला, दे जेन्नारो या २०१८ च्या जागतिक स्पर्धेतही एकत्र खेळून उपविजेत्या ठरल्या होत्या. प्रशिक्षक नवा होता, संघ नव्हे. अर्थात या उपायांनी यश बांधून मिळते असे आम्ही म्हणत नाही. २०२५ च्या जागतिक स्पर्धेत जपानचे पुरुष प्राथमिक गटातच बाद झाले.

आपल्याकडे मात्र उलटेच आहे. १९६२ मध्ये जाकार्ताला रौप्यपदक जिंकणाऱ्या देशाचा राष्ट्रीय संघ आज स्पर्धेपूर्वी शिबिरात जमतो आणि स्पर्धेनंतर पांगतो. खेळाडू रेल्वेचा, सेनादलाचा वा एखाद्या सार्वजनिक उद्योगाचा नोकर. शिवाय २०२२ पासून प्राइम व्हॉलीबॉल लीगचाही करारबद्ध. त्याने वर्षभरात किती खेळावे याचा हिशेब ठेवणारा कोणीच नाही, आणि ज्या महासंघाने तो ठेवावयाचा तो वर्षानुवर्षे गटबाजीत व कोर्टकचेरीत गुंतलेला. लीगमुळे तरुणांना पैसा व प्रेक्षक मिळाले, तिला दोष देणे अन्यायाचे होईल. आमच्या मते पंचवीस-तीस खेळाडूंची यादी चार वर्षांसाठी एका प्रशिक्षकाच्या हाती द्यावी, नोकरी देणाऱ्या संस्था व लीग यांच्याशी वर्षारंभीच वेळापत्रक ठरवावे, आणि आशियातील दुय्यम स्पर्धांना यादीतील खालचे बाराजण पाठवावेत. तेथे ते हरले तर वृत्तपत्रांनीही, त्यांत आम्ही आलोच, ओरड करू नये.